घोडा कामाचा की मिरवायचा?

आपल्या समाजात घोड्याविषयी हल्ली दोन मते दिसतात आणि आम्हांला दोन्ही पटत नाहीत. पहिले मत तरुण मंडळींचे. जनावराला कामाला जुंपणे हाच मुळी जुलूम; घोडा असावा तो मोकळा, पोराबाळांनी थोपटण्यासाठी. दुसरे मत कोणी बोलून दाखवीत नाही, ते वागण्यातून कळते. शहरातले घर सोडून मोशावात राहायला जायचे, घरामागच्या दहा-पंधरा दुनमांच्या कडेला एक घोडा आणून बांधायचा, पाच दिवस त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाही, आणि शुक्रवार-शनिवारी पाहुणे आले की त्यांची सहा मुले पाळीपाळीने त्याच्या पाठीवर चढवायची. गंमत अशी की पहिले बोलणारे आणि दुसरे करणारे पुष्कळदा एकाच घरातले असतात.

आमचे म्हणणे असे की, लहान शेतीवर घोडा ठेवायचा तर त्याला रोज बेताचे काम द्यावे. काम नसेल तर घोडा आणूच नये.

हे आम्ही ऐकीव दयाबुद्धीने सांगत नाही. उभा जन्म आम्ही रुग्णसेवेत काढला, आणि शरीर माणसाचे असो की घोड्याचे, काही गोष्टी दोघांनाही सारख्याच लागू होतात. स्नायू पडून राहिले की बिघडतात. घोड्याला एक दुखणे होते. चंदी पूर्ण खाऊन दिवसचे दिवस उभा राहिलेला घोडा एकाएकी जोरात पळवला किंवा ओझ्याला लावला, की त्याच्या मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, अंगाला घाम सुटतो, पाऊल उचलत नाही आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. ज्यांनी अपघातात चिरडलेल्या माणसाची लघवी पाहिली आहे त्यांना या रंगाचा अर्थ सांगायला नको. मेलेल्या स्नायूंचा निचरा मूत्रपिंडांतून चाललेला असतो. इंग्रज गाडीवान याला सोमवारचा रोग म्हणत, कारण त्यांचे घोडे रविवारी उभे राहत. आपल्या मोशावातल्या या लाडक्या घोड्याला तो शुक्रवारी व्हायचा. आणि घरचे म्हणणार, आम्ही तर त्याला कधी कामाला लावलेच नाही!

जे रोज काम घेतात त्यांना ही गोष्ट ठाऊक असते. ते सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करतात, वैरण तेवढी ठेवतात, आणि जनावर आवारात मोकळे सोडतात.

तरुणांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. 2014 साली इस्राएलमध्ये शहरातल्या रस्त्यांवर घोड्यागाढवांच्या गाड्यांना बंदी झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बंद कराव्यात असा हायकोर्टाचा निकाल 2015 साली लागला. दोन्ही बंद्या योग्यच. तापलेल्या डांबरावर, मोटारींच्या गर्दीत, भंगाराचे ढीग ओढणाऱ्या त्या जनावरांचे हाल कोणाला बघवत नव्हते. पण डांबरावरच्या घोड्यावरून मातीतल्या घोड्याचा निकाल लावणे हा कुठला न्याय? द्राक्षांच्या किंवा ऑलिव्हच्या दोन ओळींमधून एकटा घोडा कोळपे ओढतो, फळांच्या पेट्या वाटेपर्यंत आणतो, खत पसरायची गाडी नेतो. जिथे ट्रॅक्टरला वळायला जागा नाही तिथे तो वळतो, आणि ओली माती चाकाखाली जशी दबून घट्ट होते तशी त्याच्या पायाखाली सबंध ओळभर होत नाही. 1921 साली नहलाल वसले तेव्हापासून कित्येक वर्षे मोशावांची शेती खेचरांनी आणि घोड्यांनीच ओढली. ट्रॅक्टर घरोघर झाला तो पुढे.

आपल्या वाडवडिलांच्या कोकणात घोडा शेतात नव्हता, हेही सांगून टाकू. भाताच्या चिखलात बैल, नाहीतर रेडा. पण आपल्याला नाव मिळाले ते एका कामकरी जनावरामुळेच, हे आपण विसरतो. समारंभात आपण अभिमानाने सांगतो की आपले पूर्वज शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद. आता घाणा फिरवीत कोण होते? बैल. दहा आज्ञांतली शब्बाथाची आज्ञा वाचा, तीत मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्याबरोबर जनावरही स्पष्ट सांगितले आहे. शेजारच्या गावकऱ्यांनी आपल्याला ओळखले ते आपल्या सुट्टीवरून, आणि त्या सुट्टीत बैलाचा वाटा होता. सहा दिवस काम केल्यावाचून सातव्या दिवसाच्या विसाव्याला काय अर्थ? आणि आज आपलीच नातवंडे नेमक्या शब्बाथाच्या दुपारी घोड्यावर खोगीर चढवतात. म्हणजे सहा दिवस बंदिवास आणि सातव्या दिवशी वेठ. तोराची आज्ञा याहून उलटी कशी करता येईल हे आम्हांला तरी सुचत नाही.

आता वडीलधाऱ्यांना दोन शब्द, कारण तेही काही कमी नाहीत. 'आमच्या वेळी जनावरांना कशी माया लावायचे' हे पालुपद आम्ही फार ऐकले. लावीतही असतील. पण अलिबागच्या टांग्याच्या घोड्यांच्या खांद्यावर पांढरे डाग असायचे, ते त्यांचा रंग नव्हता. साजाखाली जखम होऊन भरली की त्या जागी केस पांढरे उगवतात. आम्ही वॉर्डात शेकडो म्हाताऱ्यांच्या पाठी आणि टाचा तपासल्या. दाब, घाम आणि घर्षण ही तीन एकत्र आली की कातडी जाते, आणि एकदा गेली की भरायला महिने लागतात. घोड्याचे तेच. गळ्यातला गादीचा पट्टा नीट बसला आहे का हे पाहायला डॉक्टर लागत नाही. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, श्वासनळीपाशी, आपला पसरलेला हात सहज आत गेला पाहिजे. काम सुटल्यावर साज उतरवून तिथली कातडी चाचपावी. एखादी जागा गरम किंवा सुजलेली लागली, तर उद्या काम नाही. इस्राएलच्या 1994 च्या प्राणिरक्षण कायद्यानेही काम करायला असमर्थ असलेल्या जनावराकडून काम घेण्याला मनाई केली आहे.

मग खर्चाचे बोला. चारशे किलोच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो सुके खाणे, तीसचाळीस लिटर पाणी, उन्हाळ्यात कामाच्या दिवशी त्याहून पुष्कळ जास्त. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. वर्षातून एकदा दात घासून घेणे, लशी वेगळ्या. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला तर डिझेल पीत नाही. घोडा 365 दिवस खातो. म्हणून ज्याच्याकडे काम नाही त्याने हा उद्योग करू नये, असे आम्ही म्हणतो. ज्याच्याकडे काम आहे त्याने घोड्याचा जोर ओळखावा. सतत ओढायचे तर वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकाच जोर तो लावू शकतो. पहाटे जुंपावा, ऊन चढायच्या आत सोडावा. शाराव सुटला असेल त्या दिवशी जुंपूच नये. रोजच्या वीसएक किलो लिदीचा ढीग झाडांना घालावा, तेवढे तरी पैसे वसूल होतात.

अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या घोड्याची टाप उमटली आहे, असे आपण मानतो. भारतात गेले की मंडळी तिथे आवर्जून जातात, मलिदा करतात, फोटो काढतात. जरूर करावे, आमचीही श्रद्धा आहे. पण त्यांच्यातल्या कितीजणांनी घरच्या घोड्याचा पाय उचलून टापेत अडकलेला खडा काढला आहे? खडा आत राहिला की पू धरतो, आणि तो घोडा उभ्या उभ्या तीन पायांवर येतो.

आणि नवरदेवाचा घोडा. कोकणात नवरदेव घोड्यावरून येत, म्हणून इथेही तो हवा, हा हौसेचा भाग झाला. हौसेला आमची ना नाही. आमची हरकत एवढीच की, हॉल बघायला चारजण जातात, घोडा बघायला कोणी जात नाही. एकाने जाऊन पाठीवरचा कपडा उचलून कातडी बघावी, चालवून लंगडतो का ते बघावे, बँडच्या आवाजाची त्याला सवय आहे का ते विचारावे. पाहुण्यांनी कौतुकाने पाव आणि मिठाई चारू नये. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेले ते गेले, आणि पोटशूळ उठला तर रात्र निघत नाही. कार्यक्रम शनिवारी रात्री, शब्बाथ संपल्यावर असेल, तर घोड्याच्या मालकाला आणखी एक प्रश्न विचारा. उन्हाळ्यात शब्बाथ सुटायला आठ वाजतात, आणि घोडा तर नवाला हॉलच्या दारात हवा. तो दूरच्या गावाहून ट्रकमध्ये कधी चढवणार?