राणी येणार, पण कोणती?

बबीना हे गाव मराठी वाचकाला माहीत असलेच तर ते एखाद्या फौजी नातेवाइकाच्या पत्त्यामुळे. झाशीपासून दक्षिणेला, ललितपूरच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेले की ही छावणी लागते. रणगाड्यांचे गाव. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा केंद्रात शिकलेला जवान बदल्या होत होत इथे येऊन पोहोचला तर त्यात नवल नाही. गावाच्या नावाचीही एक गंमत सांगतात. ‘ब्रिटिश आर्मी बेस इन नेटिव्ह एशिया’ या शब्दांची आद्याक्षरे जोडली आणि बबीना तयार झाले म्हणे! व्युत्पत्ती इतकी झकास आहे, की तिच्यावर चटकन विश्वास ठेवू नये.

2018च्या नोव्हेंबरात याच बबीनाच्या गोळीबार मैदानावर भारत आणि रशिया यांच्या सैन्याचा ‘इंद्र’ हा संयुक्त सराव झाला. खऱ्या तोफा, खरे रणगाडे. पण त्या दिवसांत देशभर उत्सुकता होती ती दुसऱ्याच एका लढाईची. 2 ऑक्टोबरला ‘मणिकर्णिका : द क्वीन ऑफ झाँसी’ या चित्रपटाची पहिली झलक अमिताभ बच्चनच्या आवाजात लोकांसमोर आली होती. चित्रपट आधी एप्रिल 2018 मध्ये येणार होता, तो लांबत लांबत 25 जानेवारी 2019वर गेला. (त्याच शुक्रवारी ‘ठाकरे’ही लागला, त्यामुळे मराठी घरांत कोणते तिकीट काढायचे यावर थोडी वादावादी झाली असेल तर ती साहजिकच म्हणायची.) चित्रीकरणाचा मोठा भाग हैदराबादेत आणि राजस्थानात झाला. खऱ्या झाशीच्या वाट्याला आले ते वाट पाहणे.

अशा चित्रपटाची वाट पाहताना सगळ्यांच्या तोंडी नाव असते ते नायिकेचे. कंगना राणावत घोड्यावर कशी दिसेल, तलवार कशी धरेल, नऊवारी कशी नेसेल, पोशाखाला किती खर्च आला. पण खरी उत्सुकता वाटायला हवी होती ती एका पंच्याहत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांबद्दल. कथा आणि पटकथा लिहिणारे व्ही. विजयेंद्र प्रसाद. ‘बाहुबली’चा दिग्दर्शक राजामौली यांचे वडील. ‘बाहुबली’चे दोन्ही भाग त्यांच्या कथेवरचे, आणि सलमान खानचा ‘बजरंगी भाईजान’ही त्यांचाच. 2022 मध्ये ते राष्ट्रपतीनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेत गेले. संवाद आणि गीते प्रसून जोशींची. म्हणजे कागदाची बाजू भक्कम होती.

मात्र माहिष्मतीचे राज्य लेखकाच्या डोक्यातले होते. तिथे कोण कुणाचा मुलगा आणि कोणी कुणाला का मारले, हे लेखक ठरवील ते खरे. झाशीचे तसे नाही. इथे प्रत्येक पानावर कोणीतरी हरकत घ्यायला उभा असतो, आणि बरेचदा हरकत घेणारे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे असतात.

साधी जन्मतारीखच घ्या. 19 नोव्हेंबर हा दिवस सर्वांना मान्य आहे, पण साल? सर्वत्र सांगितले जाते ते 1828. द. ब. पारसनीस यांनी 1894 मध्ये राणीचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, त्यात साल 1835 आहे. सात वर्षांचा फरक. 1828 धरले तर ग्वाल्हेरला धारातीर्थी पडलेली राणी एकोणतीस वर्षांची होते. 1835 धरले तर ती जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची पोर! 1842 मध्ये झाशीला लग्न झाले तेव्हाही एका हिशेबाने ती तेरा-चौदाची आणि दुसऱ्या हिशेबाने सहा-सात वर्षांची. इतिहासाच्या पुस्तकात दोन्ही साले देऊन पुढे जाता येते. पटकथालेखकाला एक निवडावेच लागते, कारण त्यावर संबंध बाईचे चित्र अवलंबून आहे. मृत्यूच्या तारखेचेही तेच. कोणी 17 जून 1858 म्हणते, कोणी 18.

मग ती प्रसिद्ध उडी. झाशीच्या किल्ल्यावर जाणाऱ्याला तटावरची एक जागा दाखवतात. दत्तक मुलाला पाठीशी बांधून राणीने घोड्यासह इथून उडी घेतली असे सांगतात. जागेवरून खाली पाहिले की पोटात गोळा येतो. 4 एप्रिल 1858च्या रात्री राणी निवडक स्वारांसह भांडेरी दरवाजाने बाहेर पडली, असे अभ्यासक मानतात. आता लेखकाने काय करावे? उडी ठेवली तर जाणकार कपाळाला हात लावणार. दरवाजाने बाहेर काढली तर थिएटरातला पोरगा घरी जाताना बापाला विचारणार, ‘उडी कुठे होती?’ अशा वेळी बहुतेक निर्माते कोणाची बाजू घेतात हे सांगायला नको.

आणि भाषा? ‘झाशी देणार नाही’ हा उद्गार शाळेत प्रत्येक मुलाने ऐकलेला आहे. तो आपल्यापर्यंत पोचला जॉन लँग या ऑस्ट्रेलियन वकिलामुळे. 1854 मध्ये राणीने त्याला सल्ल्यासाठी बोलावले होते, आणि पडद्याआडून आलेले ते शब्द त्याने पुढे पुस्तकात हिंदुस्तानी भाषेतच नोंदवले. वकिलाशी राणी हिंदुस्तानीत बोलली हे ठीक. पण मोरोपंत तांब्यांची ही मुलगी काशीत जन्मली, बिठूरला पेशव्यांच्या आश्रयात वाढली आणि नेवाळकरांच्या घरात आली. घरात, देवघरात, दासींशी ती कोणत्या भाषेत बोलत असेल? हिंदी चित्रपटाने हिंदीत बोलावे याबद्दल तक्रार नाही. पण तो मराठी घराचा वास पटकथेत कुठेतरी यायला हवा, ही अपेक्षा काही अवाजवी म्हणता येणार नाही.

पटकथा कोणी वाचलेली नसतानाच तिच्यावर भांडणे होतात, ही या प्रकारातली खास गोष्ट. फेब्रुवारी 2018 मध्ये राजस्थानातल्या एका ब्राह्मण संघटनेने जाहीर केले, की चित्रपटात राणी आणि एक इंग्रज अधिकारी यांचे प्रेम दाखवले आहे. जयश्री मिश्रा यांच्या ‘रानी’ या इंग्रजी कादंबरीचा धागा त्यात धरला गेला. त्या कादंबरीवर 2008 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने बंदी घातली होती. निर्मात्यांनी असे काही नाही म्हणून सांगितले. प्रदर्शनाच्या तोंडावर करणी सेनेनेही आवाज उठवला. दरम्यान दिग्दर्शक क्रिश बाहेर पडले, उरलेले काम कंगनाने हाती घेतले, सोनू सूदने चित्रपट सोडला. इतक्या हातांतून गेल्यावर कागदावरचे किती पडद्यावर उतरले, हे विजयेंद्र प्रसादच जाणोत.

मराठी वाचकाला यात नवे काही नाही. 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ गाण्यावरून चित्रपट येण्याआधीच गदारोळ झाला. जानेवारी 2025 मध्ये ‘छावा’च्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि ते दृश्य दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना काढावे लागले. योगायोग असा, की या बाजीरावामुळेच झाशीत मराठी माणूस आहे. 1729 मध्ये बाजीराव बुंदेल्यांच्या छत्रसालाच्या मदतीला धावला, त्याबद्दल बुंदेलखंडाचा हिस्सा मराठ्यांना मिळाला, पुढे नारो शंकर झाशीला सुभेदार झाले आणि नंतर नेवाळकर आले. त्यांच्यामागून भिक्षुक, कारकून, वैद्य, शिलेदार अशी कुटुंबेच्या कुटुंबे गेली. राणीचे लग्न ज्या गणेश मंदिरात लागले ते झाशीत आजही आहे.

पण वाट पाहणारे केवळ मराठी नव्हते. झलकारीबाईला आपली मानणाऱ्या कोरी समाजाचेही डोळे या चित्रपटाकडे असणार हे उघड होते. झाशीजवळच्या भोजला गावची ही बाई. राणीसारखी दिसणारी आणि राणीच्या वेशात इंग्रजांना चकवणारी, अशी तिची ओळख बुंदेलखंडात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. झाशीचेच वकील-कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांच्या 1946च्या कादंबरीने ती हिंदी वाचकांपर्यंत गेली, आणि 2001 मध्ये तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. चित्रपटात ती भूमिका ‘पवित्र रिश्ता’तल्या अर्चनाला, म्हणजे अंकिता लोखंडेला मिळाली. किल्ल्यात गोलंदाज गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या समाध्या आहेत. तोफखान्यावर मुसलमान गोलंदाज, तटावर कोरी बाई, आत मराठी राणी. या सगळ्यांना दोन-अडीच तासांत बसवायचे म्हणजे कोणाला चार वाक्ये आणि कोणाला एक, हे ठरवणे आलेच. राणीचा चित्रपट हा अखेर ‘त्यात आमचे कोण आहे?’ या प्रश्नाचा चित्रपट असतो. कंगनाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, टाळ्या मिळाल्या, टीकाही झाली. या प्रश्नाचे उत्तर मात्र नायिकेकडे नसते, लेखकाकडे असते.

त्याआधी एकदा याहून मोठी आस लागली होती आणि तिचा पार विचका झाला होता. 1953 मध्ये सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ आला. आपल्याकडचा पहिला टेक्निकलर चित्रपट. ‘गॉन विथ द विंड’चा छायालेखक अर्नेस्ट हॅलर त्यांनी हॉलिवूडहून आणला. लेखनासाठी ‘सिकंदर’ लिहिणारे पंडित सुदर्शन होतेच, शिवाय गेझा हर्चेग हे हंगेरियन गृहस्थही होते. एमिल झोलावरच्या चित्रपटासाठी ज्या तिघा लेखकांना ऑस्कर मिळाले, त्यांतले हे एक. राणी झाल्या मोदींच्या पत्नी मेहताब. रंग होते, हत्ती होते, परदेशी तंत्रज्ञ होते. प्रेक्षक मात्र आले नाहीत. मिनर्व्हा मूव्हीटोनला तो चित्रपट फार महागात पडला. ‘द टायगर अँड द फ्लेम’ या नावाने इंग्रजी आवृत्तीही निघाली, तिनेही फारसे काही भरून निघाले नाही.

‘मणिकर्णिका’च्या गडबडीत आणखी एक चित्रपट असाच बाजूला पडला. त्याच 2019च्या नोव्हेंबरात ‘द वॉरियर क्वीन ऑफ झाँसी’ आला. न्यूयॉर्कला राहणाऱ्या नृत्यांगना स्वाती भिसे यांनी तो दिग्दर्शित केला, त्यांची मुलगी देविका हिने राणी केली, आणि लेखनातही दोघी मायलेकींचा हात होता. डेरेक जेकोबी, रुपर्ट एव्हरेट असे नामवंत ब्रिटिश नट त्यात आहेत. एका मराठी आईने आणि लेकीने परदेशात बसून राणीची गोष्ट लिहावी आणि इथे तिची म्हणावी तशी दखलही घेतली जाऊ नये, हे काही बरे झाले नाही. चित्रपट फार चांगला होता असे नव्हे. पण निदान पाहून नावे ठेवायची होती!

आता राणीवर पुन्हा कोणी लिहायला बसेल तेव्हा त्याने काय वाचावे? आपल्याकडे एक असे पुस्तक आहे जे इतर कोणाकडे नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचे कर्ज फेडायचे म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले आणि 1857च्या धुमश्चक्रीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. 1858च्या मार्चमध्ये ह्यू रोजची फौज सागर-तालबेहट करीत दक्षिणेकडून, म्हणजे आज बबीना आहे त्याच अंगाने, झाशीवर आली. पुढचे गोळे, शहरात शिरलेले गोरे, कत्तल, लूट, जळलेला ग्रंथसंग्रह हे सारे या भटजींनी प्रत्यक्ष अनुभवले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून 1883 मध्ये त्यांनी ते लिहून काढले. छापले गेले ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1907 मध्ये, तेही वैद्यांनी हात फिरवून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे ‘माझा प्रवास’ वाचायला मिळाला तो 1966 मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. अमृतलाल नागरांनी त्याचा हिंदी अनुवादही केला आहे, तेव्हा मराठी येत नाही ही सबब चालणार नाही.

या पुस्तकातली झाशी पोशाखी नाही. तिथे राजवाड्यातले चैत्रातले हळदीकुंकू आहे, नाटकाचे वेड असलेले आणि स्त्रीवेश घेण्याची हौस असलेले गंगाधरराव आहेत, दक्षिणेचे हिशेब आहेत, भुकेचे दिवस आहेत. चित्रपटातल्या इंग्रजांना शहर जिंकायचे असते. इथे शहर जिंकल्यावर घराघरांत काय झाले, कोणत्या दिवशी काय लुटले, हे येते. बायकामुलांनी भरलेली झाशी कशी होती हे भटजींइतके जवळून कोणी सांगितलेले नाही.

आणि त्यात एक विहीर आहे. झाशी पडली आहे, राणी काल्पीच्या बाजूला आहे, लढाईत पुन्हा हार झाली आहे. विष्णुभट वाटेत एका विहिरीपाशी थांबलेले असताना पठाणी वेशातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी तिथे येते. भटजी तिला ओळखतात आणि पाणी काढायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी ओढू नका, मीच ओढते, अशा अर्थाचे बोलते. स्वतः मडके विहिरीत सोडते, पाणी काढते आणि ओंजळीने पिते. मग जे हातून गेले त्याबद्दल चार शब्द बोलते आणि घोड्यावर बसून निघून जाते.

हा प्रसंग लिहायला पुढच्या पटकथालेखकाला अर्धे पान पुरेल. उडीसाठी लागणारी संगणकाची करामतही नको. एक विहीर, एक मडके, दोर, घोडा आणि एक भटजी. निर्मात्याने खर्चाचे कारण सांगायला जागा नाही.