अजिंठ्याची कीड, वेरूळची भांग

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात प्राचीन कारागिरांनी भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, ही गोष्ट २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातून विद्वानांपुढे आली. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले मॅनेजर सिंह आणि येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ताज्या भांगेशी ताडून पाहिले. भांग ओलावा आवरते व किडीस दूर ठेवते. वेरूळचा गिलावा टिकला तो त्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या संशोधनाची दुसरी बाजू मात्र मन विषण्ण करणारी आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तेथील किमान चतुर्थांश चित्रांची किडीने हानी केली आहे, असे हेच संशोधक सांगतात.

मग अजिंठ्यासही भांगेची मात्रा द्यावी, असे कोणी उतावीळपणे म्हणेल. परंतु चित्राखालचा गिलावा म्हणजे खरवडून पुन्हा सारवता येणारी घराची भिंत नव्हे. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणविले. चित्रे तगावीत म्हणून त्यांनी त्यांवर लाखेचे रोगण चढविले. पुढे ते पिवळे पडून काळवंडले, आणि ते उतरविण्यात नंतरच्या पिढ्यांचे श्रम खर्ची पडले. हेतू शुद्ध असला तरी उपाय घातक ठरू शकतो, हा धडा विसरता येणार नाही.

गिलावा बदलता येत नसला, तरी त्याभोवतीची हवा राखता येते. कीड ओलाव्यावर पोसते. आणि हा ओलावा पावसाळ्यात वाघूरच्या खोऱ्यातून येतो, तसाच प्रेक्षकांच्या श्वासातूनही येतो. लास्को येथील चित्रगुहा प्रेक्षकांच्या श्वासाने बिघडू लागताच फ्रान्सने ती १९६३ साली जनतेस बंद केली. अजिंठ्यास कुलूप लावा, असे आम्ही म्हणत नाही. फर्दापूर परिसरातील अनेकांची चूल प्रवाशांवरच पेटते. परंतु कोणत्या लेण्यात एका वेळी किती माणसे सोडावीत, हे तिकिटांच्या खपाने नव्हे, तर हवेच्या मोजणीने ठरले पाहिजे. कीटकतज्ज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हवा खेळती ठेवण्याचे शास्त्र जाणणारे यंत्र-अभियंते यांनी मिळून ही मोजणी बारमाही करावी, व तिचे आकडे मराठीतून लोकांपुढे ठेवावेत.

वेरूळच्या कारागिरांनी गिलाव्यात काय मिसळावे याचा विचार केला होता. अजिंठ्याच्या गिलाव्याला काय सोसवते, एवढा विचारही आमच्या पिढीने करू नये काय?