जोखीम कोणाची, लाभ कोणाचा?

विमान कंपन्यांच्या समभागांत पैसा गुंतवावा की न गुंतवावा, हा प्रश्न आता केवळ दलाल स्ट्रीटवरील पेढ्यांपुरता उरलेला नाही. बँकेतील कारकून, निवृत्त शिक्षक, पतपेढीचा सभासद अशा कष्टाने चार पैसे बाजूला टाकणाऱ्यांच्या बैठकीतही तो निघू लागला आहे. शेअर बाजाराच्या पंडितांचे त्यावरील उत्तर ठरलेले असते : जोखीम मोठी, पण लाभही मोठा. हे उत्तर खोटे नाही. ते अर्धवट आहे. जोखीम कोणाच्या माथी आणि लाभ कोणाच्या पदरात, हा प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग पंडित मोठ्या शिताफीने गाळतात. समाजवादी कार्यकर्त्याने नेमका तोच विचारावयास हवा.

प्रथम प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उदाहरण घ्यावे. इंडिगोचा समभाग २०१५ मध्ये ७६५ रुपयांना विकला गेला; २०२५ मध्ये त्याने पाच हजारांची पायरी ओलांडली. २०२३-२४ या वर्षात कंपनीचा नफा ८ हजार कोटी रुपयांवर गेला. हे आकडे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु याच कंपनीने २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांत मिळून सुमारे १२ हजार कोटींचा तोटा सोसला होता. आणि तिच्याभोवतीचे स्मशान कोणी पाहावयाचे? ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त या कंपन्या नव्वदच्या दशकातच संपल्या. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली. पुरातून पोहून निघालेल्या एकाचा सत्कार करून नदीला उतार आहे असे सांगणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत. शिवाय वाचलेल्याच्या भरभराटीत बुडालेल्यांचा वाटा असतो : त्यांचे मार्ग, त्यांच्या उड्डाणांच्या वेळा आणि त्यांचे प्रवासी त्यालाच मिळतात.

हे बुडणे म्हणजे दैवाचा कोप नव्हे. या धंद्याची घडणच तशी आहे. बहुतेक विमाने भाडेपट्ट्याने घेतलेली असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये चुकवावे लागते; तिकीट मात्र रुपयांत विकले जाते. इंधनाचा भाव आखातात ठरतो, त्यावरील विक्रीकर राज्य सरकारे ठरवतात. विमान उडाले की रिकामे राहिलेले आसन कायमचे वाया जाते. म्हणून संध्याकाळी भाजीवाला जसा भाव पाडतो, तशी प्रत्येक कंपनी तिकिटाचा दर पाडते. दर पाडण्याच्या या स्पर्धेत ज्याच्या मागे कर्ज देणारा अधिक काळ उभा राहील तो टिकतो. तेव्हा हा कर्ज देणारा कोण, हे पाहणे अगत्याचे ठरते.

किंगफिशरच्या बाबतीत तो मुख्यतः जनतेच्या ठेवींवर चालणारा बँकांचा समूह होता आणि स्टेट बँक त्याच्या अग्रभागी होती. कर्ज थकले तेव्हा २०११ मध्ये बँकांनी त्याचा काही भाग समभागांत रूपांतरित करून घेतला, तोही ६४ रुपये ४८ पैसे या दराने. त्या वेळी बाजारात तोच समभाग सुमारे ४० रुपयांना मिळत होता! ज्या बँका शेतकऱ्याच्या पीककर्जासाठी सात-बाऱ्याचा उतारा चार वेळा तपासतात, त्यांनी बुडत्या कंपनीचा कागद बाजारभावाच्या दीडपटीहून अधिक किंमत देऊन पदरात घेतला. सुमारे दीड वर्षातच कंपनीची उड्डाणे थांबली. मालक त्या काळात राज्यसभेचे सदस्य होते. मार्च २०१६ मध्ये ते देश सोडून गेले. पुढे जप्त मालमत्ता विकून बँकांनी मोठी वसुली केली हे खरे. पण ती तपासयंत्रणांच्या आणि न्यायालयांच्या बळावर झाली, बाजाराच्या नव्हे. कर्मचाऱ्यांच्या थकबाकीचा वाटा निघण्यास तर २०२५ साल उजाडावे लागले. महिनोन्‌महिने पगाराविना काम केलेल्या माणसाला तेरा वर्षे थांबवून ठेवणाऱ्या व्यवस्थेत ‘जोखीम’ हा शब्द भांडवलदाराच्या नावापुढे कोणत्या तोंडाने लावला जातो?

जेट एअरवेजची कहाणी वेगळी नाही. २००५ मध्ये तिचा समभाग ११०० रुपयांना विकला गेला, तेव्हा नव्या भारताची भरारी म्हणून त्याचे कौतुक झाले. १७ एप्रिल २०१९ रोजी विमाने थांबली आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीचे हजारो कर्मचारी एका दिवसात रस्त्यावर आले. पाच वर्षे पुनरुज्जीवनाच्या योजनेचा खेळ चालला. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. दरम्यान भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या स्वतःच्याच हक्काच्या रकमांसाठी कर्मचाऱ्यांना न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. ते जिंकले, पण तो पैसा मुळातच त्यांचा होता.

कायदा कोणाच्या बाजूने किती वेगाने धावतो, याचा एक नमुना ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भाडेपट्टा देणाऱ्या परदेशी कंपन्यांची विमाने अडकली. सहा महिने उलटण्यापूर्वीच, ऑक्टोबरमध्ये, सरकारने अधिसूचना काढून विमाने दिवाळखोरीच्या स्थगितीतून वगळली. २०२५ मध्ये संसदेने त्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदाच केला. कामगारांचे काय? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगाराच्या २४ महिन्यांच्या वेतनाला तारणधारक सावकाराच्या बरोबरीचे स्थान आहे, इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या पगाराला त्याखालचे. पण विमाने आधीच निघून गेल्यावर त्या रांगेच्या खिडकीत वाटायला उरते काय? आणि त्या रांगेत अगदी शेवटी उभा असतो तो समभागधारक, म्हणजे निवृत्तीची पुंजी गुंतवून बसलेला तो शिक्षक.

‘मग सरकारी एअर इंडिया कुठे तरली?’ असा सवाल येथे हमखास येतो. त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५३ चे राष्ट्रीयीकरण योग्य होते. पण मालकी जनतेची आणि मनमानी मंत्र्यांची, असा प्रकार पुढे झाला. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्यासाठी कर्ज काढून १११ विमानांची खरेदी आणि २००७ चे विलीनीकरण हे निर्णय कामगारांना वा प्रवाशांना विचारून झाले नव्हते. विक्रीच्या वेळी कर्ज ६१ हजार कोटींवर होते. टाटांची बोली १८ हजार कोटींची, त्यातील रोख अवघी २ हजार ७०० कोटींची. त्यांनी पत्करलेल्या १५ हजार ३०० कोटींखेरीज उरलेले कर्ज सरकारच्याच माथी राहिले. विमाने खाजगी झाली, ऋण सार्वजनिक राहिले. यातून राष्ट्रीयीकरण चूक ठरत नाही; लोकशाही नियंत्रणाविना केलेले राष्ट्रीयीकरण अपुरे ठरते.

स्पर्धेने प्रवाशाचे भले होईल, हे आश्वासनही तपासून पाहावे. देशांतर्गत प्रवासाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग एका कंपनीच्या हाती एकवटला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यांची सूचना बरीच आधी मिळालेली होती. तरीही पुरेसे वैमानिक नसल्याने डिसेंबरच्या प्रारंभी तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. सरकारने काय केले? नियमातूनच कंपनीला तात्पुरती सूट दिली! थकलेल्या वैमानिकाची झोपही अखेर भागधारकाच्या लाभाच्या खात्यात जमा झाली.

तेव्हा समभाग घ्यावा की नाही, या प्रश्नाला कार्यकर्त्याने सरळ उत्तर द्यावे : ज्या पैशावर म्हातारपण अवलंबून आहे, तो या धंद्यात घालू नये, कारण येथे लाभ वाटताना छोटा भागधारक मागे असतो आणि तोटा वाटताना एकटा. पण एवढ्यावर थांबू नये. विमान बंद पडताच वेतनाची थकबाकी सर्वांआधी चुकती झाली पाहिजे, आगाऊ तिकिटांचा पैसा वेगळ्या खात्यात राखला गेला पाहिजे, आणि सार्वजनिक बँकांचे बुडीत कर्ज चढ्या भावाने समभागांत वळविण्याच्या प्रत्येक निर्णयाचा जाब संसदेत मागितला गेला पाहिजे. या मागण्या घेऊन विमानतळावरील सामान वाहणाऱ्यापासून वैमानिकापर्यंत सर्वांची एक संघटना उभी राहिली, तरच जोखमीच्या हिशेबात श्रमिकाचा रकाना उघडेल. बाजार तो आपणहून कधीही उघडणार नाही.