विश्लेषण : सरकारने खर्च वाढवला की विकासदर वाढतो का?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५०.६५ लाख कोटी रुपयांचा खर्च मांडला, तर महाराष्ट्राचा अर्थसंकल्प याच वर्षी सात लाख कोटींपर्यंत पोहोचला. खर्चाचे आकडे दरवर्षी फुगतात, त्या प्रमाणात विकासदर मात्र वाढतोच असे नाही. असे का होते? कोणता सरकारी खर्च अर्थव्यवस्थेला पुढे नेतो आणि कोणता केवळ कर्ज वाढवतो?

जीडीपीत सरकारी खर्च किती मोजला जातो?

सरकारच्या तिजोरीतून गेलेला प्रत्येक रुपया थेट सकल देशांतर्गत उत्पादनात (जीडीपी) धरला जात नाही. कर्मचाऱ्यांचे वेतन, शाळा-रुग्णालये चालवण्याचा खर्च ‘सरकारी उपभोग खर्च’ म्हणून मोजला जातो. भारतात त्याचा वाटा जीडीपीच्या सुमारे १० टक्के आहे. सरकारने बांधलेले रस्ते, लोहमार्ग, धरणे ‘गुंतवणूक’ या सदरात जातात. निवृत्तिवेतन, लाभार्थींच्या खात्यात जमा होणारे अनुदान किंवा कर्जावरील व्याज यांची मात्र थेट नोंद होत नाही. कारण त्यात नव्या वस्तू वा सेवेची निर्मिती नसते, फक्त पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. लाभार्थीने त्यातून किराणा किंवा औषधे घेतली की मगच तो खासगी उपभोगात दिसतो.

‘गुणक’ म्हणजे काय?

सरकारने खर्च केलेल्या एका रुपयामुळे राष्ट्रीय उत्पन्नात किती रुपयांची भर पडते, याचे उत्तर म्हणजे गुणक. रस्त्याचे काम निघाले की सिमेंट, पोलाद, डांबर यांना मागणी येते, मजुरांना मजुरी मिळते, ती बाजारात खर्च होते. रस्ता पूर्ण झाल्यावर वाहतुकीचा वेळ व इंधन वाचते, तो फायदा वर्षानुवर्षे मिळत राहतो. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांच्या २०१३ मधील अभ्यासानुसार, भारतात भांडवली खर्चाचा गुणक २.४५, तर थेट हस्तांतरणाचा ०.९८ आहे. म्हणजे एक रुपया बांधकामावर गेल्यास उत्पन्नात जवळपास अडीच रुपयांची भर, थेट वाटल्यास रुपयाहून किंचित कमी. प्रत्येक टप्प्यावर काही पैसा बचतीत, काही करात, तर काही आयात मालात जातो. ही गळती जितकी जास्त तितका गुणक लहान.

करोनानंतर केंद्राने काय केले?

करोनाकाळात खासगी गुंतवणूक आटली, तेव्हा केंद्राने भांडवली खर्चाचा मार्ग निवडला. २०१९-२० मध्ये हा खर्च ३.३६ लाख कोटी रुपये होता. २०२५-२६ साठी ११.२१ लाख कोटींची तरतूद झाली. जीडीपीच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे १.७ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर गेले. राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना २०२०-२१ मध्ये १२ हजार कोटींपासून सुरू झाली. २०२५-२६ मध्ये त्यासाठी दीड लाख कोटी ठेवण्यात आले. याच काळात वित्तीय तूट ९.२ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. थोडक्यात, एकूण खर्चाला लगाम घालून त्याचा रोख बांधकामाकडे वळवण्यात आला.

खर्च थांबला तर काय होते?

याचे उदाहरण २०२४ मध्ये दिसले. लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे नव्या कामांचे आदेश रखडले. एप्रिल ते जून या तिमाहीत केंद्राचा भांडवली खर्च आदल्या वर्षीच्या २.७८ लाख कोटींवरून १.८१ लाख कोटींवर घसरला. पुढच्या, जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या विकासदराचा पहिला अंदाज ५.४ टक्के आला. शहरी मागणीतील मरगळ, अतिवृष्टीचा खाणकामावर झालेला परिणाम ही कारणेही त्यामागे होती. तरीही, खासगी गुंतवणूक पुरेशी जोर धरत नसताना सरकारी कामे थांबली की त्याची झळ किती लवकर लागते, हे स्पष्ट झाले.

मग खर्चामुळे विकास की विकासामुळे खर्च?

दोन्ही मते जुनी आहेत. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये मांडले, की मंदीत सरकारने खर्च वाढवून मागणी टिकवावी. त्याआधीच जर्मन अर्थतज्ज्ञ अडॉल्फ वॅग्नर यांचे म्हणणे होते, की देश श्रीमंत होतो तसा सरकारी खर्च आपोआप वाढतो. शिक्षण, आरोग्य, सुरक्षेची मागणी वाढते आणि करही जास्त येतो. त्यामुळे खर्च आणि विकासदर सोबत वाढले म्हणून पहिल्यामुळेच दुसरा वाढला, असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय वेळही महत्त्वाची. मंदीत यंत्रे आणि माणसे रिकामी असतात, तेव्हा खर्चाचा परिणाम मोठा होतो. कारखाने पूर्ण क्षमतेने चालू असताना तोच खर्च महागाई आणि व्याजदर वाढवतो, उद्योगांना कर्ज महाग पडते.

महाराष्ट्राचे गणित कुठे अडते?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी, तर राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी रुपये दाखवण्यात आली. म्हणजे उचललेल्या कर्जातील सुमारे एक तृतीयांश रक्कम रोजच्या खर्चासाठी. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी त्यात ३६ हजार कोटींची तरतूद होती. दरमहा १,५०० रुपये गरीब घरात गेले की ते लगेच खर्च होतात, स्थानिक बाजाराला उठाव मिळतो आणि बाईच्या हाती स्वतःचे पैसे येतात. हे फायदे खरे आहेत. अडचण आहे ती निधीच्या स्रोताची. योजना कर्जावर चालली, तर व्याजाचा भार राहतो. कामांचा निधी वळवला, तर अडीचचा गुणक सोडून एकचा स्वीकारल्यासारखे होते. केलेल्या कामांची देयके थकल्याने राज्यातील कंत्राटदारांनी आंदोलने केली. देयक रखडले की मजुरी आणि पुरवठादारांची उधारीही रखडते. कागदावरचा भांडवली खर्च प्रत्यक्षात उतरत नाही.

बांधकामावरचा प्रत्येक खर्च चांगलाच का?

नाही. श्रीलंकेने कर्ज काढून हंबनतोटा बंदर उभारले, पण पुरेशी जहाजे आली नाहीत; २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. पुढे २०१९ मधील करकपात, पर्यटनाची घसरण आणि कर्जाचा बोजा एकत्र आले आणि २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली. भारतात केंद्राला २०२५-२६ मध्ये केवळ व्याजापोटी १२.७६ लाख कोटी द्यावे लागतील, असा अंदाज होता. म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्सा आणि भांडवली तरतुदीहूनही अधिक. म्हणून अर्थसंकल्पाचा एकूण आकडा किती मोठा, यापेक्षा तीन गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते : त्यातील भांडवली वाटा किती, वर्षअखेर प्रत्यक्षात खर्च किती झाला आणि महसुली तूट घटते आहे का.