आईवडिलांकडे राहणाऱ्या समलैंगिक व उभयलैंगिक तरुणींच्या संरक्षणाबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया
प्रत : मा. पोलीस अधीक्षक, गोंदिया

महोदय,

आम्ही बिरसी व लगतच्या गावांत आईवडिलांकडे राहणाऱ्या, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या काही सज्ञान मुली आहोत. निवेदन देताना साहेबांसोबत फोटो काढायची रीत आहे. आमचा तसा फोटो निघू शकत नाही, म्हणून हे टपालाने पाठवीत आहोत.

आम्हाला घर सोडायचे नाही. धानाची रोवणी, आईचे दुखणेखुपणे, आमचे शिक्षण सारे तिथेच आहे. पण मैत्रिणीचा एखादा मेसेज भावाच्या हाती लागला की मोबाईल काढून घेतात, गोंदियाचे कॉलेज बंद होते आणि आठवडाभरात पाहुणे मुलगी बघायला येतात. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून कुणाला अंगारा लावतात, कुणाला गोळ्या देतात. जी निघून जाते तिच्या नावे हरवल्याची तक्रार होते. ती सापडते, आपण सज्ञान असल्याचे सांगते, तरी तिला वडिलांच्याच स्वाधीन केले जाईल, ही आमची सर्वांत मोठी भीती आहे.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. याच न्यायालयाने 11 मार्च 2024 च्या देवू नायर प्रकरणातील निकालात तर न्यायाधीशांनाच बजावले आहे, की न्यायालयापुढे आलेल्या अशा मुलीशी घरच्यांच्या दबावाविना एकांतात बोलावे आणि तिचा कल बदलण्यासाठी समुपदेशन करू नये. न्यायालयात जे चालत नाही ते पोलीस ठाण्यात का चालावे?

म्हणून, सज्ञान मुलीचा जबाब नातेवाइकांना बाहेर ठेवून महिला अधिकाऱ्याने घ्यावा, ‘तुला कुठे जायचे आहे?’ हे विचारून उत्तर तिच्याच शब्दांत लिहावे व तसेच वागावे, असा लेखी आदेश सर्व ठाण्यांना द्यावा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा माहेरच्या मारहाणीलाही लागू आहे, हे संरक्षण अधिकाऱ्यांनी गावोगावी सांगावे. महिलांसाठीच्या सखी केंद्रात समेटाच्या नावाखाली आमची गोष्ट घरी कळवू नये. कल बदलण्याचे ‘उपचार’ करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच गैरवर्तन ठरवले आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी ते डॉक्टरांना कळवावे. भोंदूंसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

लग्नाची मान्यता आम्ही येथे मागत नाही, तो आपल्या हातातला विषय नाही. वरील सर्व मागण्या मात्र आपल्या हातात आहेत.

कृपया उत्तर कुणाच्या घरी पाठवू नये. आदेश निघाल्यास ठाण्यांच्या व ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावा. आम्ही तेथे वाचू.

आपल्या विश्वासू,
बिरसी परिसरातील तरुणी