परक्याचे मूल



डिंभे येथील सभेत एका नवदीक्षित गृहस्थांनी मला विचारले, "वकीलसाहेब, परदेशात आश्रय मागणाऱ्यांची मुले तेथील सरकारने काढून घेतली, त्याच्याशी आम्हां बौद्धांचा काय संबंध? कायदा मोडला, फळ भोगतील." आईबापांनी कायदा मोडला असेलही, मुलाने काय मोडले?

सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट आपण विसरलात काय? कैकाडी, पारधी आदी जमातींना तेथे डांबले होते. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या सतराव्या कलमाने सहा ते अठरा वर्षांपर्यंतची त्यांची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. मुलाने चोरी केली हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. ते त्या जमातीत जन्मले एवढे पुरे. हा न्याय मनुस्मृतीचाच, भाषा तेवढी इंग्रजी! १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला.

अमेरिकेने २०१८ साली मेक्सिकोच्या सीमेवर तेच केले. पहिल्यांदा विनापरवाना सीमा ओलांडणे हा तेथे किरकोळ अपराध. पण त्यासाठी आईबापांना कोठडीत घातले आणि मुलांना 'एकाकी' ठरवून दुसऱ्या खात्याच्या ताब्यात दिले. ज्यांना स्वतःच एकाकी केले त्यांनाच एकाकी म्हणायचे! २६ जून २०१८ रोजी सॅन डिएगोच्या न्यायाधीशांनी पाच वर्षांखालील मुले १४ दिवसांत व इतर ३० दिवसांत परत द्यावीत असा हुकूम केला. बंदिवानांच्या पैशाअडक्याची व कागदपत्रांची नोंद सरकार ठेवते, मुलांची मात्र ठेवीत नाही, असा ठपका त्या हुकुमात आहे. शेकडो आईबापांना तर मुलांवाचून मायदेशी धाडण्यात आले.

आणि 'परके' म्हणजे कोण? डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले, हे आपण जाणता. पूर्व पाकिस्तानातील कप्ताई धरणाने १९६० च्या सुमारास लाखभर माणसे उठविली. त्यांत बहुसंख्य चकमा, म्हणजे आपले धम्मबांधव. हजारो चकमा १९६४ साली भारताच्या आश्रयास आले. पुढे अरुणाचलात त्यांना हुसकावण्याच्या धमक्या सुरू झाल्या, तेव्हा ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश त्या राज्यास दिला. कशाच्या आधारे? संविधानाच्या अनुच्छेद २१ च्या. तेथे 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा आहे. ज्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते, तिने हा शब्द अनवधानाने ठेवला, असे कोणी समजू नये.

भारतात आश्रितांसाठी स्वतंत्र कायदा अद्याप नाही. १९९२ साली आपण स्वीकारलेल्या बालहक्क कराराचा नववा अनुच्छेद सांगतो की, मुलाच्या हितासाठी आवश्यक असल्यावाचून, आणि न्यायालयीन तपासणीस पात्र अशा निर्णयावाचून, त्याला आईबापांपासून तोडू नये. हे वाक्य आपल्या कायद्यात, आश्रय मागणाऱ्यांच्या मुलांचा स्पष्ट उल्लेख करून, उतरले पाहिजे. पुढील पौर्णिमेस विहारात जमाल तेव्हा तसा ठराव करून आपल्या खासदाराकडे पाठवा. मसुदा मी लिहून देतो.