रक्ताच्या वहीतील नकला



सकाळी दुकानातून आणलेला पाव, आपल्या बेटावर उसाच्या मळीपासून होणारी रम आणि कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाच्या ताटातला खुबूस, या तिन्हींच्या मागे एकच लहानसा जीव राबत असतो. त्याला आपण यीस्ट म्हणतो. आज आम्ही त्यालाच साक्षीला बोलावणार आहोत. कारण विषय वंशाचा आहे, आणि वंशाबद्दल आपल्या घरांत बोलले फार जाते, तपासले फार थोडे जाते.

प्रथम कुवेतची हकीकत सांगतो. २६ जून २०१५ रोजी कुवेत शहरातील इमाम सादिक मशिदीत नमाजाच्या वेळी बॉम्बस्फोट झाला आणि अनेक निरपराध माणसे प्राणास मुकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथील राष्ट्रीय सभेने २०१५ चा कायदा क्रमांक ७८ मंजूर केला. नागरिक असो, परदेशी कामगार असो की पाहुणा, प्रत्येकाने आपल्या डी.एन.ए.चा नमुना सरकारला द्यावा, असा तो कायदा होता. नकार देणाऱ्यास एक वर्षापर्यंत तुरुंगवास आणि १०,००० दिनारांपर्यंत दंड ठरला होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुवेतच्याच घटनात्मक न्यायालयाने हा कायदा रद्द केला.

न्यायालयाने योग्य केले, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुन्हेगार सापडावेत असे कोणाला वाटत नाही? पण ज्या वहीची पाने सरकार मागत होते, ती वही काय आहे आणि कशी लिहिली जाते, हे समजल्यावाचून या प्रश्नाचा निवाडा करता येत नाही.

आम्ही शिक्षणशास्त्राचा अभ्यास करून वर्गात उभे राहिलो, तेव्हा फळ्यावर एकच बाण काढत असू. डी.एन.ए.पासून आर.एन.ए., आर.एन.ए.पासून प्रथिन. डी.एन.ए. म्हणजे कचेरीतले मूळ दफ्तर, आर.एन.ए. म्हणजे कामापुरती काढलेली नक्कल, आणि त्या नकलेवरून कारखान्यात तयार होणारा माल म्हणजे प्रथिन. नक्कल कारखान्यात जाते, काम झाले की फाटते. ती परत येऊन दफ्तरात चिकटत नाही, असे मुलांना वाटे आणि आपल्यालाही वाटे.

हा समज १९७० साली ढळला. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, काही विषाणूंमध्ये असे विकर शोधले की जे आर.एन.ए. वाचून त्यावरून डी.एन.ए. लिहिते. बाण उलटाही चालतो, हे सिद्ध झाले. १९७५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तरीही अनेकांना वाटे, ही विषाणूंची चोरवाट असेल. सभ्य पेशींत असे काही चालत नसेल.

येथे यीस्टची साक्ष येते. यीस्टच्या डी.एन.ए.मध्ये टी-वाय-१ नावाचा सुमारे ५,९०० अक्षरांचा एक तुकडा असतो. त्याच्या अनेक प्रती निरनिराळ्या जागी आढळतात. तो जागा कशी मिळवतो, हे १९८५ साली अमेरिकेत जेफ बुके, जेराल्ड फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की शाळेतल्या मुलालाही समजावी. त्यांनी टी-वाय-१ मध्ये मुद्दाम एक फालतू तुकडा घातला. हा तुकडा असा, की तो फक्त आर.एन.ए.च्या अवस्थेतच कापून टाकला जातो, डी.एन.ए.मधून तो कधी कापला जात नाही. शिवाय टी-वाय-१ला एक बटण जोडले. यीस्टला गॅलॅक्टोज ही साखर दिली की बटण चालू, ग्लुकोज दिली की बंद. मग गॅलॅक्टोज देऊन वाट पाहिली. नव्या जागी ज्या प्रती बसल्या, त्यांतून तो फालतू तुकडा नेमका नाहीसा झालेला होता. म्हणजे प्रवास झाला तो आर.एन.ए.च्या वाटेनेच. दुसरा अर्थ निघतच नव्हता.

आज त्या प्रवासाचे टप्पे बरेच माहीत आहेत. पेशी आपल्या नेहमीच्या यंत्रणेने टी-वाय-१ची आर.एन.ए. नक्कल काढते. ती केंद्रकाबाहेर जाते. तिच्यावरूनच तिला लागणारी प्रथिने बनतात, आणि त्यांचे एक कवच तयार होऊन नक्कल त्यात बंद होते. दिसायला हे कवच विषाणूसारखे, पण ते पेशी सोडून बाहेर संसर्गाला जात नाही. आत पेशीचाच एक लहान आर.एन.ए. लिखाणाची सुरुवात करून देतो, आणि उलट लिहिणारे विकर आर.एन.ए.वरून डी.एन.ए. तयार करते. आर.एन.ए. तुकडे होऊन जातो, डी.एन.ए.चा दुसरा धागा लिहिला जातो. मग दुसरे एक विकर ही नवी प्रत केंद्रकात नेऊन गुणसूत्रात शिवते. मूळ प्रत जागच्या जागी राहते, म्हणून एकाच्या दोन होतात. अशा तुकड्यांना रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणतात. उलट लिहिणाऱ्या विकराला आपली चूक तपासण्याची सवय नाही, त्यामुळे प्रतींत हळूहळू फरकही पडत जातात.

यीस्टमधले टी-वाय-१ बहुधा अशाच जागी बसते, जिथे महत्त्वाच्या जनुकाची मोडतोड होणार नाही. घर मालकाचे, आणि भाडेकरूने भिंत पाडली तर दोघेही रस्त्यावर!

आता आपल्याकडे पाहू. यीस्टच्या दफ्तरात अशा तुकड्यांचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. २००१ साली मानवी डी.एन.ए.चा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्या दफ्तराचा जवळजवळ ४५ टक्के भाग जागा बदलणाऱ्या तुकड्यांपासून झालेला असल्याचे दिसले. त्यांतले बहुसंख्य अशाच उलट्या नकलांचे, जरी लिहिण्याची तऱ्हा यीस्टहून थोडी निराळी आहे. अलू नावाच्या सुमारे ३०० अक्षरी तुकड्याच्याच दहा लाखांहून अधिक प्रती आपल्यात आहेत. बहुतेक नकला आता निपचित पडल्या आहेत. पण १९८८ साली असे आढळले की एक तुकडा रक्त गोठवणाऱ्या जनुकात जाऊन बसल्यामुळे मुलाला हिमोफिलिया झाला होता. उलट बाजूने, आईच्या पोटात बाळाची वार तयार होताना लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन एका जुन्या विषाणूच्या अशाच नकलेतून आलेले आहे. उपद्रव आणि उपकार, दोन्ही एकाच दफ्तरात आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या आम्हांला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट. एकदा बसलेली नक्कल सहसा जागा सोडत नाही आणि पुढच्या पिढ्यांत जाते. दोन माणसांत नेमक्या त्याच जागी तीच नक्कल आढळली तर ती समान पूर्वजाची खूण ठरते. म्हणजे ही वही नाती सांगू शकते. पोलीस तपासात वाचतात ते तुकडे वेगळे असतात, हे खरे. पण नमुना एकदा पेटीत गेला की सगळी वहीच पेटीत जाते. शिवाय एकाच्या वहीत त्याच्या भावाबहिणींची आणि मुलाबाळांची पानेही असतात. संशयिताचा नमुना न्यायाधीशाच्या हुकमाने घ्यावा, पण सगळ्यांची वही सरसकट मागू नये. कुवेतच्या न्यायालयाचा निर्णय म्हणूनच मोलाचा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. आपल्यापैकी बरेच जण महात्मा गांधी संस्थेतील आगमन-नोंदींतून आपल्या पणजोबांचे जहाज आणि गाव शोधतात. मार्च २०२४ मध्ये भारताने सातव्या पिढीच्या मॉरिशसवासीयांसाठी ओ.सी.आय. कार्डाची वाट मोकळी केली, तेव्हापासून या शोधाला जोर आला आहे. हे चांगलेच आहे. पण याच उत्साहात कोणी थुंकी बाटलीत घालून परदेशी कंपनीकडे पाठवतो, आणि सोयरीक ठरवताना ‘शुद्ध रक्ता’ची भाषा करतो, तेव्हा आम्हांला थांबवून सांगावेसे वाटते. दादा, रक्त शुद्ध म्हणायचे तर कोणते? जात, भाषा, देश यांचा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून या वहीत नकला चिकटत आल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जगातल्या सर्व माणसांत सारख्याच आहेत. वही नाते सांगेल. योग्यता सांगणार नाही.

मराठीपण वहीत लिहिलेले नसते. ते घरात बोलावे लागते, मुलांना शिकवावे लागते, गणपतीच्या मांडवात पुढच्या पिढीच्या हाती द्यावे लागते. ती नक्कल आपोआप होत नाही, वाचकहो. ती आपल्यालाच काढावी लागते.